चौथा रविवार

होळी गावातल्या नरहरी राऊत मास्तरांच्या घरी दर मार्चअखेर बोर्डाचा एक जाडजूड लखोटा यायचा. त्यावर मास्तरांच्या नावापुढे 'मॉडरेटर' असं टाइप केलेलं असायचं. पोस्टमनला पहिली दोन वर्षं ती मास्तरांची नवी पदवी वाटली. शेजारच्या भागूबाईंना ती बढती वाटली आणि एवढी बढती मिळून घरात पेढ्याचा तुकडा आला नाही म्हणून त्या पंधरा दिवस फुगून बसल्या. मास्तरांचे थोरले भाऊ हरिश्चंद्र वाडी बघायचे. त्यांना या शब्दाशी काही कर्तव्य नव्हतं. एप्रिल महिन्यात ओटीवर कागदांचे गठ्ठे पडतात आणि केळीचे घड ठेवायला जागा राहत नाही, एवढाच त्यांच्या लेखी त्याचा अर्थ होता.

शेवटी एकदा द्वारकावहिनींनी सरळ विचारलं. "भावजी, तुमी नक्की करता काय ते?"

मास्तरांनी नीट समजावून सांगितलं. दहावीचे पेपर परीक्षक तपासतात. एखाद्या परीक्षकाचा हात सैल असतो, एखाद्याचा आखडता. एकाच तोडीचं उत्तर, पण एका मुलाला बारा मिळतात आणि दुसऱ्याला आठ. तसं होऊ नये म्हणून मॉडरेटर प्रत्येकाच्या गठ्ठ्यातले थोडे पेपर पुन्हा वाचतो. जास्त दिले असतील तिथे उतरवतो, कमी दिले असतील तिथे चढवतो. परीक्षकाची शाई लाल, मॉडरेटरची हिरवी.

"म्हंजे रांधायचं दुसऱ्यानी, आनि तुमी नुसतं मीठ बघायचं," वहिनी म्हणाल्या.

"तसंच," मास्तर म्हणाले.

खरं सांगायचं तर बोर्डाने नेमायच्या कितीतरी आधीपासून हा माणूस मॉडरेटरच होता. आवाज चढवायचा नाही, हसायचं ते ओठांच्या आत, आणि कुणी भांडत आलं तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असं सांगून दोघांनाही नाराज करायचं. बायको, मालन, तापाने गेली तेव्हा समाचाराला आलेली माणसं मास्तरांनी फार धीराने घेतलं असं म्हणत परत गेली. पुढे वर्षभर मास्तरांच्या ताटातलं अर्धं अन्न तसंच राहायचं, ते फक्त वहिनींना ठाऊक. मूलबाळ नव्हतं. शाळा, वाडी, वाचनालय, आणि एप्रिलातले चार रविवार, इतकंच काय ते आयुष्य.

त्या चार रविवारांची गोष्ट मात्र निराळी होती.

मास्तरांच्या हाताखाली सहा परीक्षक असत. दर रविवारी आपापले तपासलेले गठ्ठे घेऊन ते होळीला येत. पाच जण सकाळीच यायचे, चहा घ्यायचे, मास्तरांची हिरवी शाई पाहून कपाळाला आठ्या घालायचे आणि दहाच्या आत चालते व्हायचे. सहाव्या होत्या वटार गावच्या आग्नेस तुस्कानो. त्यांना चर्चमध्ये सकाळची मिस्सा असायची, म्हणून त्या अकराच्या एस.टी.ने येत. परतीची बस एक वाजता. ती चुकली तर मग थेट चार वाजता.

पंचाहत्तर साली, पहिल्याच वेळी, एकची बस चुकली ती अर्नाळ्याच्या बाजूच्या एका मुलामुळे. 'माझा आवडता ऋतू' या विषयावर त्याने पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात त्या दिवसांबद्दल लिहिलं होतं, कारण त्या दिवसांत बाप घरी असतो. बाप जाळी विणतो, बाप दुपारी झोपतो, बाप आईच्या हातचं गरम जेवतो. निबंध पाऊण पानावर तुटला होता. आग्नेसबाईंनी बारा दिले होते, मास्तर नऊच्या वर जायला तयार नव्हते.

"निबंध अपुरा आहे, बाई. शेवट नाही."

"सर, त्याचा बाप परत समुद्रावर गेला असेल. पुढे काय लिहिणार?"

मास्तरांनी पेपर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग दहा म्हणाले. बाई साडेअकरा म्हणाल्या. अकरावर दोघं थांबली तेव्हा नाक्यावरून बस निघून गेल्याचा आवाज आला, आणि वहिनी आतून म्हणाल्या, "बाई आता जेवूनच जा."

पुढच्या काही वर्षांत एकची बस कधी मिळालीच नाही. ती चुकायला दर वेळी काहीतरी कारण निघायचं, आणि ती कारणं कोण शोधायचं हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. पहिल्या वर्षी बाईंना चहा दिला तो पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपात. दुसऱ्या वर्षी तो कप कुठे गेला कोण जाणे, घरातल्याच कपात चहा आला. तिसऱ्या वर्षी मास्तर गठ्ठे बांधून आत गेले तर बाई स्वयंपाकघरात विळीवर बसून वहिनींना शेवग्याच्या शेंगा कापून देत होत्या, आणि दोघी पापडाच्या पिठात किती पापडखार घालावा यावर वाद घालत होत्या. मास्तर दारातच उभे राहिले. मालनच्या त्या जागेवर कुणी बाई बसलेली पाहून त्यांना सात वर्षं झाली होती. ते पाणी प्यायला आलो होतो असं म्हणाले आणि पाणी न पिताच परत गेले.

आग्नेसबाई तेव्हा चव्वेचाळीसच्या असाव्यात. वडील लवकर गेले, पाठचे दोन भाऊ शिकवायचे होते, म्हणून लग्नाचं राहून गेलं. भाऊ शिकले, एक वांद्र्याला गेला, एक आखातात. वटारच्या घरात आता बाई आणि अंथरुणाला खिळत चाललेली आई. मराठी शिकवायच्या त्या, आणि फार चांगलं शिकवायच्या. पेपर तपासताना त्यांचा हात सैल नव्हता आणि आखडताही नव्हता. लाल शाईची बारीक खूण, बाजूला गुण, आणि खूप आवडलं तर ओळीखाली अर्धी रेघ. वीस वर्षांत त्यांचा एकही गठ्ठा परत आला नव्हता. या गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि तो त्या लपवत नसत.

मास्तरांना त्या आवडत होत्या. हे एवढं सोपं वाक्य आहे, पण मास्तरांनी ते मनातल्या मनातसुद्धा कधी पुरं केलं नाही. ते स्वतःला सांगत की बाईंची तपासणी आवडते. मग म्हणत, त्यांचं वाचन आवडतं. जून ते मार्च हा माणूस शाळा करी, सभा करी, वाडीत पाणी सोडी, आणि मनात मात्र रविवार मोजत बसे. जानेवारीत एखादं चांगलं पुस्तक हाती लागलं की त्यातला उतारा एप्रिलात बाईंना वाचून दाखवायचा म्हणून खूण घालून ठेवी. वटार काही परदेशात नव्हतं. सायकलवरून माणूस सहज जाऊन येईल. पण ते हिंदू, त्या ख्रिस्ती. ते विधुर, त्या अविवाहित. आणि दोन्हीकडे चाळीस-पन्नास घरं डोळे उघडे ठेवून बसलेली. पेपर हे कारण होतं. कारण काढून घेतलं की उरत काय होतं, हा प्रश्न मास्तरांनी कधी विचारला नव्हता.

एकोणऐंशी साली लखोट्यात एक जादा कागद निघाला. यंदा निकाल लवकर लावायचा असल्याने चारऐवजी तीनच बैठका होतील.

मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. दिवसभरात तो कितीदा तरी बाहेर काढून पाहिला. त्यातला आकडा काही बदलला नाही.

पहिला रविवार नेहमीसारखा गेला. दुसऱ्या रविवारी बाईंनी आईची तब्येत बिघडल्याचं सांगितलं आणि जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या रविवारी त्या अकराला आल्या, गठ्ठे ठेवले आणि बसल्या त्या खुर्चीच्या कडेवर.

"सर, मला एकची बस गाठायला हवी. शेजारची आल्बिना आईजवळ बसलीय, तिला दोन वाजता जायचंय."

"हो, हो. जा तुम्ही. आईंना जपा."

"यंदाचं तर झालंच ना सगळं? काही राहिलं नाही?"

"नाही. काही राहिलं नाही," मास्तर म्हणाले.

बाईंनी आत जाऊन वहिनींचा निरोप घेतला. एकची बस मिळाली. पाच वर्षांत प्रथमच मिळाली. मास्तरांनी खूण घालून ठेवलेलं पुस्तक कपाटात तसंच होतं. ते ओटीवर येऊन बसले आणि समोरच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. आता थेट पुढचा एप्रिल. मध्ये अकरा महिने, आणि बाईंची आई अशी. पुढच्या वर्षी त्या पेपर घेतीलच याचा नेम नव्हता. एक रविवार, फक्त एक, कुणीतरी आपल्या हातातून काढून घेतला आहे असं त्यांना वाटू लागलं, आणि त्या वाटण्यातून राग यायला लागला. मास्तरांना राग यायची सवय नव्हती. त्यामुळे त्याचं काय करायचं हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, त्यांनी बाईंचा गठ्ठा तपासायला घेतला.

नियम असा होता की मॉडरेटरने गठ्ठ्यातले दहा पेपर पाहावेत. दहापैकी तीन पेपरांत पाचाहून जास्त गुणांचा फरक निघाला तर परीक्षकाला पुन्हा बोलवावं आणि सगळा गठ्ठा आपल्यासमोर तपासून घ्यावा. हा नियम मास्तरांना पाठ होता. इतक्या वर्षांत त्यांनी तो दोनदाच वापरला होता, तोही एका अशा परीक्षकासाठी, ज्याने पेपर आपल्या मेहुण्याकडून तपासून घेतले होते.

मास्तरांनी वरचे सात पेपर पाहिले. कुठे अर्ध्या गुणाचाही फरक नव्हता. मग त्यांनी खालचे तीन पेपर काढले आणि ते वाचले नाहीत. वाचले असते तर हात चालला नसता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी फक्त निबंधाचे गुण पाहिले. चौदा होते तिथे सात केले. तेरा होते तिथे सात. पंधरा होते तिथे नऊ. समासात हिरव्या शाईत 'विषयांतर', 'विचारांत विस्कळीतपणा' असं लिहिलं. पेन खाली ठेवताना त्यांनी मनाशी ठरवलं. बाई आल्या की आपण पुन्हा वाचू, आपली चूक कबूल करू, गुण होते तसे करू. मुलांचं काही जाणार नाही. बाईंचंही काही जाणार नाही. एक बसची फेरी, एवढंच. एखाद्या दहावीच्या पोराने केली असती तर मास्तरांनी कान पिळला असता अशी ही लबाडी, आणि ती करून ते मनातून चक्क सुखावले होते.

मग ते फॉर्म भरायला बसले, आणि तिथे सवयीने घात केला. तफावतीचा फॉर्म तीन प्रतींत भरायचा असतो. मास्तरांनी कार्बन लावून तो तीन प्रतींत भरला, कारण फॉर्म अर्धवट ठेवणं त्यांना या जन्मी जमलं नसतं. एक प्रत आपल्या फायलीला, एक परीक्षकाला, एक बोर्डाला. मंगळवारी सकाळी शाळेत जाताना त्यांनी दोन्ही लखोटे टपालपेटीत टाकले. बोर्डाच्या लखोट्याचा पत्ता त्यांनी नेहमीप्रमाणे सुवाच्य अक्षरांत लिहिला होता. त्यात काय आहे याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. मन पुढच्या रविवारी जाऊन बसलं होतं.

तो चौथा रविवार उजाडला. मास्तरांनी सकाळी दाढी केली, ओटी स्वतः झाडली आणि वहिनींना सांगितलं की बाई येणार आहेत, जेवायला काहीतरी बरं करा.

"आता कशाला येनार? मागल्या रविवारी संपलं ना?" वहिनी म्हणाल्या.

"थोडं काम राहिलंय."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि वाल सोलायला घेतले.

बाई अकराच्या बसने आल्या. नेहमी हातात वहिनींसाठी काहीतरी असायचं, केळी वाळवून केलेली सुकेळी नाहीतर घरचं कोकम. आज फक्त पर्स होती. डोळे लाल होते. चहा नको म्हणाल्या.

"सर, ते तीन पेपर दाखवता?"

मास्तरांनी पेपर पुढे केले. बाईंनी पहिला उघडला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग दुसरा. मग तिसरा. वाडीत हरिश्चंद्रांनी पंप चालू केला होता, त्याचा आवाज येत होता. वाचताना त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं. आपली चूक कुठे झाली ते ही बाई खरोखर शोधते आहे, हे मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं. हे त्यांनी धरलंच नव्हतं. बाई येतील, आपण हसून चूक कबूल करू, बाईही हसतील, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

"बुधवारी पत्र आलं," बाई पेपरावरची नजर न काढता म्हणाल्या. "तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. आईला औषध देताना वाटायचं, आपलं डोकं चालेनासं झालंय का. घरातल्या या सगळ्यात मी मुलांचे पेपर वाईट तपासले का. वर्गावर उभं राहायची भीती वाटली मला, सर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"बाई, तसं काही नाही. मी पुन्हा वाचलं. तुमचेच गुण बरोबर आहेत. माझीच जरा..."

"पुन्हा?" बाईंनी मान वर केली.

मास्तर समोरच्या गठ्ठ्याची दोरी नीट करू लागले.

"ही मुलगी बघा. विषय होता 'घरी कुणीच नसताना'. ती लिहिते, घरात आजी असते, पण आजी कुणाला ओळखत नाही, म्हणजे घरी कुणीच नाही. ती आजीला पेज भरवते आणि मीठ घालायला विसरते, आणि आजी ती तशीच खाते. मग ती रडते. का रडते ते तिला सांगता येत नाही, असं तिनं लिहिलंय." बाईंनी समासातल्या हिरव्या शब्दावर बोट ठेवलं. "याला तुम्ही विषयांतर म्हटलंत. पाऊण पानाच्या निबंधासाठी माझ्याशी तासभर वाद घालणारा माणूस याला विषयांतर म्हणणार नाही. तुम्ही हा पेपर वाचलाच नाही, सर."

मास्तरांना खोटं बोलायची संधी होती. चष्म्याचं निमित्त सांगता आलं असतं, घाईचं सांगता आलं असतं.

"नाही वाचला," ते म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं ते शोधणं थांबलं. त्यांना समजलं. मास्तरांना दिसलं की त्यांना समजलं. पण बाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बोलवायचं होतं तर बोलवायचं," बाई अगदी हळू म्हणाल्या. "मला चुकीची ठरवून कशाला बोलावलंत?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

थोड्या वेळाने बाईंनीच विचारलं, "फॉर्मची प्रत बोर्डाला गेली?"

तेव्हा कुठे मास्तरांना तो लखोटा आठवला. त्यांचा हात कपाळाला गेला. बाईंना तेवढं पुरे झालं. तफावत निघालेल्या परीक्षकाचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बरं," बाई म्हणाल्या. पर्स उचलली. आत जाऊन वहिनींना सांगितलं की आईजवळ कुणी नाही, जेवायला थांबता येत नाही. वहिनींनी वालाचं बिरडं एका डब्यात घालून दिलं, ते त्यांनी घेतलं. एकच्या बसला अजून पाऊण तास होता. तो पाऊण तास त्या नाक्यावर उन्हात उभ्या राहिल्या, पण ओटीवर बसल्या नाहीत.

त्याच दुपारी मास्तरांनी पेपरांवरचे हिरवे आकडे खोडून बाजूला सही केली आणि बोर्डाला पत्र लिहिलं. असं पत्र लिहिण्याचे मार्ग बरेच असतात. 'पुनर्विचारांती' म्हणता येतं, 'दृष्टिदोषाने' म्हणता येतं, आणि असे शब्द मास्तरांच्या बोटांवर होते. त्यांनी ते वापरले नाहीत. परीक्षकांची तपासणी संपूर्ण निर्दोष आहे, उत्तरपत्रिका न वाचता गुण कमी करण्याची चूक माझी आहे, परीक्षकांच्या नावाला यामुळे बाध येऊ नये, असं त्यांनी तीन वाक्यांत लिहिलं, आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली. आयुष्यात एकदा तरी त्यांनी कुठल्याही बाजूला न वळवता एक गोष्ट होती तशी लिहिली.

पुढच्या वर्षी लखोटा आला नाही. मार्च संपला, एप्रिल लागला, हरिश्चंद्रांना ओटीवर घड ठेवायला जागाच जागा झाली. पहिल्या रविवारी मास्तर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओटीवर येऊन बसले, आणि अकराची बस नाक्यावरून गेली तरी तसेच बसून राहिले. दुसऱ्या रविवारीही बसले. भागूबाईंनी कुंपणावरून विचारलं की मास्तर, यंदा तुमचं ते मॉडरेटर नाही का. मास्तर म्हणाले, आता दुसऱ्यांना दिलं.

एप्रिल संपता संपता एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मास्तरांनी लांबूनच ओळखलं.

'सा. न. वि. वि. बोर्डाच्या पत्रावरून सर्व समजले. माझे नाव यादीत राहिले. तुमचे नाही, हे मागाहून कळले. आई फेब्रुवारीत गेली. शेवटी मला ओळखत नव्हती. पेज मी भरवत होते. यंदा पेपर घेतले आहेत. नवीन मॉडरेटर पालघरला आहेत, आगगाडीने जावे लागते. माणूस सज्जन आहे, पण गठ्ठा घेतात आणि सही देतात. कुठल्याच मुलाबद्दल काही विचारत नाहीत. घरी परतले की दुपार फार मोठी वाटते. द्वारकाबाईंना नमस्कार. – आग्नेस तुस्कानो.'

मास्तरांनी ते कार्ड किती वेळा वाचलं हे सांगण्यात अर्थ नाही. गुण देणाऱ्या माणसाला ओळींच्या मधलं वाचता येतं. जी बाई अर्धी रेघसुद्धा विचार करून मारते तिने दुपार फार मोठी वाटते असं लिहिलं होतं, आणि ते कुणाला लिहिलं होतं हे मास्तरांना कळत होतं. वहिनींना तर न वाचताच कळलं. त्या म्हणाल्या, "भावजी, आज जे काय लिवायचं ते लिवून टाका. मी इकडं कोनाला येऊ देत नाय."

मास्तर फुलस्केप कागद घेऊन बसले आणि त्यांनी लिहिलं. चार पानं लिहिली. विळीवर बसलेली बाई पाहिली तेव्हा काय झालं ते लिहिलं. खूण घालून ठेवलेल्या पुस्तकांबद्दल लिहिलं. तो पेपर का वाचला नाही ते लिहिलं. मला तुमची सवय नाही, ओढ आहे, असं लिहिलं. मी वटारला यावं असं तुम्हाला वाटत असेल तर लोक काय म्हणतील ते आपण दोघं मिळून ऐकू, असंही लिहिलं. हात भरून आला, डोळे भरून आले, आणि त्यांना फार हलकं वाटलं.

मग त्यांनी ते सवयीने पुन्हा वाचायला घेतलं.

'ओढ' हा शब्द जरा जास्त झाला. ज्या बाईची आई नुकतीच गेली तिला असं लिहावं का. तो काढला. तो काढल्यावर त्याच्या मागचं वाक्य उघडं पडलं, तेही काढलं. विळीचा प्रसंग अप्रस्तुत वाटला. पुस्तकांचा परिच्छेद स्वतःबद्दल फार होता. वटारला येण्याचं वाचून त्यांचे स्वतःचेच कान तापले. बाईंच्या घरी कुणी भाऊ आला असेल, त्याच्या हाती पत्र पडलं तर. चार पानांची दोन झाली, दोनाचं एक झालं. वहिनींनी मध्ये चहा आणून ठेवला, तो निवला. साडेतीनच्या सुमारास मास्तरांनी एक कोरं पोस्टकार्ड घेतलं आणि उरलं होतं ते त्यावर उतरवलं.

'सा. न. वि. वि. पत्र पावले. मातोश्रींच्या निधनाचे वाचून वाईट वाटले. आपण प्रकृतीस जपावे. – न. ह. राऊत.'

"झालं लिवून?" वहिनींनी विचारलं.

"झालं."

वहिनींनी ते एवढंसं कार्ड पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

मास्तरांनी सायकल काढली. चारला पेटी उघडायची आणि ते उन्हातून जोरजोरात पायडल मारत निघाले, कारण कार्ड उद्यापर्यंत घरात राहिलं तर 'आपण प्रकृतीस जपावे' हेही आपल्या हातून कापलं जाईल, एवढं ते स्वतःला ओळखून होते.